सीतेच्या वेणीची नोंद

मी आजरा तालुक्यात, आंबोलीच्या वाटेवरच्या वाड्यांमध्ये बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. या रेडिओवर मी नेहमी हप्ते, व्याज, बँकेचे कागद यांवरच बोलते. आज मात्र एका फुलाचा इतिहास सांगणार आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता. पण फुलालाही इतिहास असतो हे मला कॉलेजात नाही, गटाच्या बैठकीत कळलं. आणि तेही माझी चूक झाली म्हणून कळलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचे दिवस होते. एका रिसॉर्टवाल्यांनी आमच्या एका गटाला निरोप धाडला. त्यांना सीतेच्या वेणीची पन्नास रोपं हवी होती, नारळाच्या करवंटीत बांधून. एका रोपाला दीडशे रुपये देणार होते. म्हणजे साडेसात हजार. काजू फोडून फोडून ज्यांचे हात काळे झालेत, त्या बायकांना साडेसात हजार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. भांडवल काही नाही, झाडावर चढायचं आणि काढून आणायचं. मी तिथल्या तिथे इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहून टाकला. सगळ्यांनी सह्या केल्या. एकट्या आक्कांनी अंगठा दिला नाही.

आक्का म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या. सत्तरीच्या पुढच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, ह्यो जीव झाडावरचा हाय. करवंटीत न्हाई जगायचा. आनि झाडावरचा संपला तर पुन्यांदा कुटनं आनशीला?"

मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण आक्कांना उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला घेतलं. कॉलेजच्या ग्रंथालयात गेले, काही मोबाईलवर शोधलं. आणि जसजशी वाचत गेले तसतसं कळत गेलं, की आक्कांच्या एका प्रश्नाभोवती चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी ओळख करून देते. सीतेची वेणी तुम्ही पाहिली असेल. आंब्याच्या, ऐनाच्या जुन्या खोडावर जाड, लांब, पट्ट्यासारखी पानं असतात. वर्षभर तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. वळवाचे पाऊस सुरू झाले, की त्यातून हातभर लांब, गच्च भरलेली, पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांच्या फुलांची वेणी खाली लोंबते. हीच ती. मराठीत या सगळ्या जातीला आमरी म्हणतात आणि इंग्रजीत ऑर्किड. लग्नाच्या स्टेजवर लावतात ती जांभळी ऑर्किड वेगळी. ती शेडमध्ये वाढवलेली, संकरित. आपल्या सह्याद्रीत मात्र मूळच्या रानातल्याच आमरी आहेत. एकट्या महाराष्ट्रात त्यांच्या शंभराहून अधिक जाती सापडतात.

त्यांची घरं तीन प्रकारची. पहिलं घर झाडावरचं. तिथे सीतेची वेणी राहते. तिला खरबरीत सालीचं, शेवाळ धरणारं, वय झालेलं झाड लागतं. कालपरवा लावलेल्या रोपावर ती येत नाही. म्हणून ती देवराईत दिसते आणि रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यांवर दिसते. दुसरं घर सड्यावर, म्हणजे आपल्या जांभ्याच्या कातळावर. तिथे माती जेमतेम चार बोटं. पावसाळा सुरू झाला की आषाढ आमरी उगवते. जमिनीला चिकटलेलं एक गोल पान आणि वर पांढरं फूल. पुढे श्रावण-भाद्रपदात टूथब्रश आमरी येते. एकाच बाजूला ओळीनं फुलं, म्हणून ते नाव. पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं आणि जमिनीखाली कंद तेवढा झोपून राहतो. उन्हाळ्यात त्या सड्यावर उभं राहिलात तर म्हणाल, इथे काहीच नाही, पडीक जागा आहे. कासचं पठार असंच आहे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ साली जागतिक वारशात गेल्या, त्यात कास आहे आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरीसुद्धा आहे. तिसरं घर जंगलातल्या सावलीतलं आणि गवताळ उतारावरचं. तिथे अमरकंद मिळतो.

आता एक गैरसमज आधी काढून टाकू. आपण या झाडावरच्या आमरीला बांडगूळ म्हणतो. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालतं आणि झाडाचा रस पितं. आमरी तसं करत नाही. तिची मुळं सालीला फक्त धरून राहतात. त्या मुळांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. पावसाचं, धुक्याचं पाणी त्यात मुरतं आणि त्यावर ती जगते. झाडाचं काही घेत नाही, जागा तेवढी घेते. पण हा गैरसमज आजचा नाही. संस्कृतात 'वंदा' म्हणजे झाडावर वाढणारं झाड, बांडगूळ. त्याच शब्दावरून शास्त्रज्ञांनी आमरीच्या एका मोठ्या कुळाला 'वांडा' असं नाव दिलं. म्हणजे जगभरच्या पुस्तकात आपला शब्द गेला, आणि आपला गैरसमजही त्याच्याबरोबर गेला!

आता सीतेच्या वेणीची पहिली छापील नोंद कुठे झाली ते ऐका. सतराव्या शतकात कोचीला डच लोकांचं राज्य होतं. तिथला डच गव्हर्नर होता हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड. मलबारातल्या झाडपाल्याची माहिती गोळा करून त्यानं मोठा ग्रंथ करवला, 'हॉर्टस मलाबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्यात सातशेहून अधिक चित्रं आहेत. शेवटच्या, बाराव्या खंडात आमरी आहेत, आणि त्या खंडाच्या अगदी पहिल्याच चित्रात आपली सीतेची वेणी आहे. तिथे तिचं नाव दिलंय ते मल्याळी लोकांचं, 'आंजिली मरवारा'. मल्याळममध्ये 'मरम्' म्हणजे झाड आणि 'वाळ' म्हणजे केळ. झाडावरची केळ, असा आमरीसाठीचा त्यांचा शब्द. आणि आंजिली म्हणजे आपल्या कोकणातला पाटफणस. म्हणजे पाटफणसावरची झाडकेळ! बघा मैत्रिणींनो, नावातच पत्ता आहे. कुठल्या झाडावर राहते ते तिच्या नावातच सांगून ठेवलंय. पुढे १७५३ साली लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं तिला लॅटिन नाव दिलं, त्याच चित्राच्या आधारानं. पण त्या लॅटिन नावात पाटफणस राहिला नाही.

पण मला या ग्रंथातली वेगळीच गोष्ट आवडली. ही माहिती गव्हर्नरनं स्वतः थोडीच शोधली? सांगितली ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून कोचीकडे गेलेल्या समाजातले ते लोक. आणि त्या पहिल्या खंडात त्यांची नावं आहेत. ही माहिती आम्ही दिली, असं त्यांचं निवेदन नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी! हा ग्रंथ लॅटिनमध्ये होता. केरळचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली अनेक वर्षं त्यावर घालवली, तेव्हा २००३ साली तो इंग्रजीत आला.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढच्या पुस्तकांत असं फारसं झालं नाही. आपल्या मुंबई इलाख्यात १८३९ साली ग्रॅहम या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याची झाडांची यादी निघाली. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचं पुस्तक आलं. १९०१ ते १९०८ या काळात कुक यांचा मोठा ग्रंथ आला. फादर सांतापाव हे स्पेनहून आलेले धर्मगुरू, मुंबईत झेवियर कॉलेजात शिकवायचे. त्यांनी आणि झरीर कापडिया यांनी १९६६ साली मुंबई इलाख्यातल्या आमरींवर स्वतंत्र पुस्तकच काढलं. सह्याद्रीतल्या एका आमरीला त्या दोघांनी पाचगणीचं नाव दिलं. ही सगळी माणसं उन्हापावसात फिरली, त्यांचे उपकारच आहेत. या पुस्तकांत गावांची नावं आहेत, घाटांची आहेत, महिनेही आहेत. पण ज्या गुराख्यानं, ज्या लाकूडमोळी आणणाऱ्या बाईनं बोट दाखवून "ते बघा तिथं वर हाय" म्हटलं असेल, तिचं नाव काही सापडत नाही. आपल्या आक्कांसारख्या किती जणी होऊन गेल्या असतील!

आता इतिहासाची दुसरी बाजू. ही वाचली तेव्हा मला माझा ठराव आठवला आणि मान खाली गेली.

एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या श्रीमंतांना आमरीचं वेड लागलं. काचेची घरं बांधायची, त्यात देशोदेशीच्या आमरी लावायच्या आणि पाहुण्यांना दाखवायच्या. एकेका रोपाला सोन्याचा भाव येऊ लागला. मग व्यापारी आपली माणसं जंगलात पाठवू लागले. १८५० साली हूकर नावाचे मोठे शास्त्रज्ञ मेघालयातल्या खासी डोंगरात गेले होते. तिथे झाडांवर निळ्या वांडाची सुंदर फुलं होती. विलायतेच्या सरकारी बागेसाठी त्यांनी ती काढवली. किती, माहितीये? सात माणसांच्या पाठीवरची सात ओझी. त्यातली जिवंत पोचली अगदी थोडी. दुसऱ्या एका साहेबानं आपल्या माळ्याकरवी एक ओझं पाठवलं. तेही वाईट अवस्थेत पोचलं, तरी ३०० पौंडांना गेलं. हे हूकर यांनी स्वतःच आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. एवढं नुकसान होऊनही धंदा फायद्याचा, मग तो थांबणार कसा? आणि जी पोचली तीही पुष्कळदा मेली, कारण डोंगरातल्या थंड हवेची आमरी ते कोंदट, तापवलेल्या काचघरात ठेवायचे.

पुढे भारतात १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली झाडांची यादी घातली गेली. त्या यादीत फक्त सहा नावं होती. त्यातली तीन आमरींची, आणि त्यात हाच निळा वांडा. एका फुलाला एवढी मागणी आली की शेवटी कायद्यानं त्याला झाकावं लागलं. आज जगातल्या सगळ्याच रानटी आमरींच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. आणि राखीव जंगलातून विनापरवाना रोप काढणं हाही गुन्हाच आहे. मी गटाला काय करायला लावत होते, त्याचा विचार करा.

पण तुम्ही म्हणाल, हे साहेब लोकांचं झालं, आपल्याकडे असं नव्हतं. तर तेही खरं नाही. च्यवनप्राशात अष्टवर्ग नावाच्या आठ वनस्पती सांगितल्या आहेत. त्यातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातल्या आमरी मानल्या जातात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' ग्रंथात लिहिलंय, की अष्टवर्ग राजांनाही मिळणं कठीण झालंय, म्हणून त्याऐवजी दुसरं वापरा. जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीसुद्धा ही झाडं सहज मिळत नव्हती. आपल्याकडच्या अमरकंदाचंही तेच आहे. औषधासाठी कंद खणला की झाड संपलं. शेंग नाही, बी नाही, पुढच्या वर्षी तिथे काही नाही.

आता आक्कांचा प्रश्न, "पुन्यांदा कुटनं आनशीला?" याचं उत्तर शास्त्रानं दिलं, पण फार उशिरा. आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. एका शेंगेत हजारो. पण त्या बीमध्ये खाऊच नसतो. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं पीठ असतं ना, तसं काही हिच्या बीत नाही. मग ते रुजतं कसं? १८९९ साली नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला कळलं, की सालीवरची, मातीतली एक विशिष्ट बुरशी त्या बीला अन्न पुरवते, तेव्हा ते रुजतं. ती बुरशी त्या जुन्या झाडावर, त्या ओलाव्यात असते. म्हणून हजारो बियांतली एखादीच रुजते आणि तिला पहिली वेणी यायला वर्षं जातात. आपण करवंटीत रोप आणतो, पण ते घर, ती ओल, ती बुरशी कुठून आणणार? आक्कांना बुरशी माहीत नव्हती, पण निकाल त्यांचा बरोबर होता.

आणि १९२२ साली नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवलं, की काचेच्या बाटलीत साखरेचं अन्न दिलं तर बुरशीशिवायही बी रुजवता येतं. आज बाजारात ज्या ऑर्किड मिळतात त्या अशा प्रयोगशाळेतल्याच. म्हणजे शंभर वर्षं झाली, रानातून ओरबाडून आणायची गरजच उरलेली नाही. हौस असेल त्यानं रोपवाटिकेतून घ्यावी.

फुलाची हौस वाईट नाही हो. हीच सीतेची वेणी आसामचं राज्यफूल आहे. तिथे तिला कोपौ फूल म्हणतात. बिहूच्या नाचात बायका ती केसात माळतात. पण माळतात ती फुलांची वेणी. रोप झाडावरच राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुलतं. माळणं आणि उपटणं यात हा फरक आहे.

तर पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं आणि माझाच ठराव रद्द करा म्हणाले. सगळ्या खूश झाल्या असं समजू नका. एक मैत्रीण उठून म्हणाली, "ताई, फुलं राखून पोट भरतंय व्हय? तुझा पगार चालूच ऱ्हातोय." तिचं काही चुकलं नव्हतं. साडेसात हजार गेले ते गेलेच. त्या बदल्यात तेवढंच काम मी लगेच आणू शकले नाही, हेही कबूल करते. तरीही हात वर करून मत घेतलं, तेव्हा तेरापैकी आठ जणींनी रोपं काढायची नाहीत असं ठरवलं.

त्याच वर्षी आमच्याकडे रस्ता रुंद झाला. कडेचे जुने आंबे, जांभळं पडली. पडलेल्या खोडांवर सीतेच्या वेण्या उन्हात वाळत होत्या. आम्ही संबंधितांना विचारून त्यातल्या अकरा सोडवून आणल्या आणि देवळामागच्या जुन्या जांभळाला काथ्यानं बांधल्या. बांधताना झाडाची कुठली बाजू, किती सावली, हे आक्काच सांगत होत्या. अकरापैकी सात जगल्या. गेल्या मे महिन्यात त्यातल्या तिघींना वेण्या आल्या. "पोट भरतंय व्हय" म्हणणारी तीच मैत्रीण पहिल्यांदा मला सांगायला धावत आली.

आता आजचं काम. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि एक लोक जैवविविधता नोंदवही असते. गावात कुठली झाडं, कुठले कंद, कुठे, कधी, हे त्यात लिहायचं. ही वही पुष्कळ ठिकाणी कपाटात पडलेली असते. तुमच्या ग्रामसभेत विचारा, आमची वही दाखवा. त्यात देवराईतला आंबा लिहा, सडा लिहा, आषाढ आमरी लिहा. सडा म्हणजे पडीक नाही, हेही लिहून घ्या. कारण उद्या कुणी त्या जागेचं काही करायला आलं, तर नोंद असलेल्या गोष्टीबद्दल बोलता येतं, नसलेल्या गोष्टीबद्दल बोलता येत नाही.

आणि माहिती कुणी दिली, तेही लिहा. आमच्या वहीत आम्ही लिहिलंय. सीतेची वेणी, देवळामागचं जांभूळ, फुलायचा काळ वळवाचा पाऊस. आणि खाली माहिती देणार म्हणून आक्कांचं पूर्ण नाव. साडेतीनशे वर्षांपूर्वी अप्पूभटांचं नाव छापलं गेलं, तर आमच्या आक्कांचं का नको?

त्या दिवशी त्या नावासमोर आक्कांनी अंगठा दिला. माझ्या ठरावावर न दिलेला तोच अंगठा.

बरंय मैत्रिणींनो. येत्या वळवाच्या पावसात वर बघत चला. पुन्हा भेटू. नमस्कार.